फाटकवाल्याची झेंडी

"मला तर बुवा शेवटच जास्त आवडला," बन्सीलाल म्हणाले. "फाटकवाल्यानं लाल झेंडी दाखवली, गाडी थांबली, रुसून गेलेली पोरगी खाली उतरली. बाप असावा तर असा."

प्रेमराजभाऊंच्या तोंडाकडे निघालेली शेव-मुरमुऱ्यांची मूठ वाटेतच थांबली.

"कुठली झेंडी?" त्यांनी विचारलं.

"लाल."

"हिरवी. फाटकवाला हिरवी झेंडी दाखवतो. गाडी थांबत नाही. पोरगी खिडकीतून बापाला बघते आणि निघून जाते. बन्सीलालभाऊ, आपण एकाच कादंबरीबद्दल बोलतोय ना?"

बन्सीलालांनी मान जराशी तिरकी करून प्रेमराजभाऊंच्या कानाच्या दिशेनं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मला तर लालच आठवते."

जळगावातली ही पुस्तक भिशी सुलक्षणाबाईंनी सुरू केली होती. त्या शाळेत मराठी शिकवत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी कुणा एकाच्या घरी जमायचं, स्टीलच्या गोल डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्यानं आपल्या आवडीच्या एका कादंबरीवर बोलायचं, आणि मग ते पुस्तक एकेकाच्या घरी फिरायचं. ज्याचं वाचून होईल त्यानं पुढच्या बैठकीत मत सांगायचं. मतावरून भांडणं व्हायची, आणि खरं सांगायचं तर लोक त्या भांडणांसाठीच यायचे. मागच्या बैठकीत चिठ्ठी प्रेमराजभाऊंची निघाली होती आणि त्यांनी आपली सर्वांत लाडकी कादंबरी काढली होती. बाजारात न मिळणारी, पानं पिवळी पडलेली, त्यांनी स्वतः दोऱ्यानं शिवलेली. पहिली पाळी बन्सीलालांची होती. बाकी कुणीही ती अजून वाचली नव्हती.

"पुस्तक आणलंय का?" औषधाच्या दुकानवाल्या नवीननं विचारलं. भांडण रंगतंय हे बघून तो खुर्चीच्या टोकावर आला होता.

"घरी राहिलं," बन्सीलाल म्हणाले.

"राहणारच!" प्रेमराजभाऊ म्हणाले.

"भाऊ, रागावू नका," नवीन म्हणाला, "पण तुमचंही आता वय झालं. झेंडीचा रंग इकडचा तिकडे होऊ शकतो."

हे मात्र प्रेमराजभाऊंच्या जिव्हारी लागलं. ती कादंबरी त्यांना तोंडपाठ होती. लेखकानं रडवायचा, हसवायचा, गाडी थांबवायचा मोह आवरला होता, म्हणून तर ती त्यांना प्यारी होती. बायको गेली त्या वर्षी त्यांनी दुसरं काही वाचलंच नव्हतं.

"नियम आहे," ते म्हणाले. "जो न वाचता बोलेल त्याची चिठ्ठी डब्यातून बाहेर. पुढची बैठक माझ्या घरी आहे. सगळ्यांसमोर शेवटचं पान वाचायचं. बन्सीलालभाऊंनीच वाचायचं."

बन्सीलालांनी मान डोलावली. दारात त्यांची बायको पुष्पाबाई चपला न काढता उभी होती. नवऱ्याला न्यायला ती नेहमीच अशी लवकर यायची. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं, आणि प्रेमराजभाऊंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, असं त्यांचं स्वतःचंच मत होतं. उभा जन्म त्यांनी डाळमिलच्या वजनकाट्यावर काढला होता. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला. या दोन तोलांच्या मधे माणूस काय काय करू शकतो हे त्यांनी पाहिलं होतं. कुणी पाण्याची टाकी भरून आणी, कुणी सीटखाली दगड ठेवी, एकदा तर क्लीनर ताडपत्रीखाली झोपून वजनात मोजला गेला होता. त्यामुळे समोर आलेला माणूस आधी लबाड धरायचा आणि मग पाहायचं, ही त्यांची रीत झाली. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, रीत सुटली नाही. दूधवाला, केबलवाला, सुरतेचा मुलगा ललित, सगळ्यांना ते मनातल्या मनात एकदा रिकामं आणि एकदा भरलेलं तोलत. ललित फोनवर "बाबा, तब्येत कशी आहे?" म्हणाला की त्यांना वाटायचं, याला नक्की काय विचारायचंय?

स्वतः वाचायचं, कुणाकडून ऐकून बोलायचं नाही, हा भिशीचा नियमही त्यांनीच आणला होता. मागे एकानं मोबाईलवर कादंबरीचा सारांश ऐकून मोठं भाषण ठोकलं होतं. प्रेमराजभाऊंनी त्याला दोन प्रश्नांत उघडा पाडला. तो पुन्हा आलाच नाही.

आता त्यांनी बन्सीलालांचा हिशेब मांडला. हा माणूस धुळ्याकडच्या सूतगिरणीत मुकादम होता म्हणतो, पिंप्राळ्यात भाड्यानं राहतो. बोलताना नजरेला नजर देत नाही, कायम तिरका बघतो. डब्यातून चिठ्ठी काढली तर "तुम्हीच वाचा" म्हणून दुसऱ्याच्या हातात देतो. पुस्तकाबद्दल गोड बोलतो, पण कुठल्या पानावर काय आहे विचारलं की हसतो. आणि यानं सांगितलेले सगळे शेवट आठवून पाहिले तर? मागच्या वर्षीच्या कादंबरीतली विधवा याच्या मते पुन्हा संसाराला लागली. तेव्हा सगळ्यांनी ते बन्सीलालांचं मत म्हणून सोडून दिलं होतं. प्रेमराजभाऊंच्या डोक्यात सगळी वजनं जुळली. माणूस पुस्तक उघडतच नव्हता.

मुद्देमालासकट पकडायचं त्यांनी ठरवलं. चार दिवसांनी, लोक जेवून आडवे होतात अशा भर दुपारी, ते न कळवता रिक्षानं पिंप्राळ्यात गेले. पुस्तक मागायला आलो म्हणायचं, आणि ते कुठल्या कोपऱ्यात धूळ खात पडलंय ते डोळ्यांनी बघायचं. ओट्यावर चढताना त्यांनी चपला पायऱ्यांशीच काढल्या. वाजू नयेत म्हणून.

आतून पुष्पाबाईचा आवाज येत होता. ती वाचत होती. पण वाचत होती म्हणजे काय, पुस्तकातली मराठी तिच्या तोंडातून अहिराणी होऊन बाहेर पडत होती, जशी काही शेजारच्या गल्लीतली हकिगत.

"...मंग फाटकवाला उठना. लांबथीन गाडीना आवाज वना. त्याले समजनं, हाई गाडीमाच मनी पोर शे..."

प्रेमराजभाऊ खिडकीच्या कडेला सरकले. आत बन्सीलाल खाटेवर बसले होते. मान तिरकी, चेहरा भिंतीकडे. पुष्पाबाई जमिनीवर बसली होती आणि मांडीवर त्यांची ती दोऱ्यानं शिवलेली कादंबरी होती. शेवटचं पान. ते पान प्रेमराजभाऊंनी लांबूनही ओळखलं, कारण त्याच्या कोपऱ्यावर त्यांच्याच चहाचा डाग होता.

पुष्पाबाई थांबली. तिचं बोट ओळीवर होतं, ओठ मिटलेले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ती एका दमात म्हणाली, "त्यानी लाल झेंडी धरी. गाडी थांबनी. पोर उतरनी."

"लालच शे ना?" बन्सीलालांनी विचारलं.

"लालच शे."

"त्या प्रेमराजभाऊ हिरवी म्हनतस."

"म्हनोत. आठे लाल लिखेल शे."

तिचं बोट अजून त्याच ओळीवर होतं. त्या ओळीत हिरवी लिहिलं होतं हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं, आणि खिडकीबाहेर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला.

बन्सीलाल पाणी प्यायला उठले. उजवा हात भिंतीवरून सरकवत ते आत गेले आणि माठाच्या वाटेवरचा पितळी तांब्या पायानं उडवून बसले. तेव्हा प्रेमराजभाऊंना सगळं एकदम दिसलं. तिरकी नजर, दुसऱ्याच्या हातात दिलेली चिठ्ठी, न्यायला येणारी बायको. माणसाला समोरचं दिसतच नव्हतं. कडेनं जेवढं दिसतं तेवढ्यावर तो चालत होता. आयुष्यभर काट्यावर बसून आपण हे साधं वजन चुकलो.

पुष्पाबाई तांब्या उचलून त्यात उरलेलं पाणी टाकायला बाहेर आली आणि त्यांना पाहून जागीच थिजली. मग तिनं दार हळूच ओढून घेतलं.

"कवयपाईन उभा शेतस?" तिनं कुजबुजत विचारलं.

"बराच वेळ," प्रेमराजभाऊ म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही.

"साखरनी डोया खाई टाकात त्यास्ना. मधलं कायी दखात नही. अक्षर तर नहीच नही." तिनं आत एक नजर टाकली. "पन भिशी सोडाले तयार नहीत. महिनाभर त्याच दिननी वाट दखतस. तुमना नियम त्यासले माहीत शे, म्हनीसन कोनले सांगतस नही."

"पण अक्का, शेवट का बदलता?"

पुष्पाबाईनं तांब्या दोन्ही हातांत धरला. "आमनी सुनिता काविळमा गयी. बावीसनी व्हती. तिले पुस्तकंस्नं भलतं याड व्हतं, तिन्हीच बापले लावं. एक शेवट आमना घरमा व्हयी गया, भाऊ. आखो कितला वाचू? वाईट शेवट ऐका की हाऊ मानूस रातभर जागस. मंग मी बदली देस. कोनं काय जास?"

कुणाचं काय जातं? भिशीत नियम आणताना प्रेमराजभाऊंनी याचं उत्तर मोठ्या तावातावानं दिलं होतं.

"भाऊ, त्यासनी चिठ्ठी काढू नका," ती म्हणाली. "बाकी माले जे बोलनं ते बोला."

तिनं आतून कादंबरी आणून दिली. प्रेमराजभाऊ पुस्तक काखेत मारून रस्त्यापर्यंत आले, तेव्हा लक्षात आलं की चपला पायऱ्यांशीच राहिल्यात. परत जाऊन त्यांनी त्या घातल्या, आणि आतून बन्सीलालांचा आवाज आला, "कोन शे वं?" पुष्पाबाई म्हणाली, "कोनी नही."

बैठकीच्या रविवारी प्रेमराजभाऊंच्या घरी झाडून सगळे आले. झेंडीची बातमी पसरली होती. सुलक्षणाबाईंनी मधल्या टेबलावर डबा ठेवला आणि त्याच्याशेजारी ती कादंबरी. नवीननं तर दोघांच्या बाजूनं चहाची पैज लावली होती.

"बन्सीलालभाऊ, शेवटचं पान," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं.

बन्सीलालांनी ते घेतलं. चष्मा पुसला, पुन्हा घातला. पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं. दारात पुष्पाबाई येऊन उभी राहिली होती, आज तर फारच लवकर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवीन पुढे वाकला. आणखी एक क्षण गेला असता तर सगळं संपलं असतं.

"द्या इकडे!" प्रेमराजभाऊ कडाडले आणि त्यांनी पुस्तक जवळजवळ हिसकावूनच घेतलं. "माझं पुस्तक आहे. शिवण उसवली तर? मी वाचतो."

त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. दूरवर गाडीचा आवाज, फाटकवाल्याचं उठणं, खिडकीशी पोरीचा चेहरा. वाचता वाचता ते त्या ओळीवर आले. हिरवी. चांगल्या ठसठशीत टाइपात छापलेली. काट्यावर असताना मालकाच्या साल्यासाठीसुद्धा त्यांनी वजनात एका किलोचा फरक केला नव्हता. त्यांचा आवाज थांबला. मग त्यांनी डोळे त्या ओळीवरच ठेवले आणि म्हणाले, "आणि फाटकवाल्यानं लाल झेंडी धरली. गाडी कुरकुरत थांबली. पोरगी खाली उतरली. बाप तिला एवढंच म्हणाला, जेवलीस का?"

हे शेवटचं वाक्य पुष्पाबाईच्या शेवटातही नव्हतं. ते कुठून आलं हे त्यांनाही कळलं नाही. पुस्तक मिटून त्यांनी ते मांडीखाली ठेवलं.

"म्हणजे लालच!" नवीन ओरडला. "भाऊ, मी म्हटलं नव्हतं?"

"माझं चुकलं," प्रेमराजभाऊ म्हणाले. "बन्सीलालभाऊ, माफ करा."

बन्सीलाल मान तिरकी करून ऐकत राहिले. दारात पुष्पाबाईनं पदर तोंडावर धरला होता.

पुढची पाळी नवीनची होती आणि त्याला पुस्तक लगेच हवं होतं. शिवण नीट करून देतो म्हणून प्रेमराजभाऊंनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढीचं नवं ब्लेड घेतलं आणि शेवटचं पान शिवणीलगत सरळ कापलं. लाडक्या पुस्तकाला ब्लेड लावताना त्यांना फार वाईट वाटलं. कापलेलं पान घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि पुस्तक नवीनच्या दुकानावर पोचतं केलं.

पुढच्या बैठकीला नवीन आला तोच पुस्तक उघडून. "शेवटचं पान नाही," तो म्हणाला. "फाटलेलं नाही हं, कापलंय. ब्लेडनं. भाऊ, मला पुस्तक तुमच्या हातून मिळालं."

पुस्तक हातोहात फिरलं. प्रत्येकानं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि प्रत्येकानं प्रेमराजभाऊंकडे पाहिलं. ती नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. ट्रकखाली वाकताना ते स्वतः ड्रायव्हरकडे तसंच बघत.

"भाऊ," सुलक्षणाबाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "आधी तुम्ही छातीठोकपणे हिरवी म्हणालात. मग लाल वाचलंत, तेही पुस्तक कुणाला न दाखवता. आता पानच नाही. मला विचारायला जड जातंय, पण ही कादंबरी तुम्ही खरंच शेवटपर्यंत वाचली होती का?"

ज्या कादंबरीनं बायको गेल्यावर त्यांना सांभाळलं, तिच्याबद्दल हा प्रश्न. प्रेमराजभाऊंच्या तोंडाशी सगळं आलं. समोर बन्सीलाल खुर्चीचे हात धरून अर्धवट उठले होते.

"थांबा, मी सांगतो," बन्सीलाल म्हणाले.

"बसा, भाऊ," प्रेमराजभाऊ त्यांना तोडत म्हणाले. "प्रश्न मला आहे."

मग त्यांनी टेबलावरचा डबा ओढला, झाकण काढलं, चिठ्ठ्या उलगडत आपल्या नावाची शोधली आणि ती खिशात टाकली. "नियम माझाच आहे. ऐकायला येत जाईन, चालेल ना?"

नवीननं विनाकारण आपला मोबाईल पाहिला.

त्या दिवशी पुष्पाबाईचा गुडघा धरला होता, म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी थांबते असा निरोप दिला होता. प्रेमराजभाऊंनी बन्सीलालांच्या कोपराला धरलं आणि दोघं निघाले. कडुनिंबाखाली बन्सीलाल थांबले. भिशीत ते बेतानं शहरी मराठी बोलत, पण इथे ऐकणारं कुणी नव्हतं.

"झेंडी लाल नही व्हती ना?"

प्रेमराजभाऊ दचकले. "तुमले काय माहीत?" त्यांच्याही तोंडून आपोआप घरची बोली निघाली.

"पुष्पा वाचस तवय दम लेत लेत वाचस. बदलस तवय एक दममा बोलस. पहिला पुस्तकपाईन माले समजेल शे." बन्सीलाल हसले. "तुम्ही बी त्या दिन तसंच वाचं."

"मंग तिले बोलतस काबरं नही?"

"तिले वाटस, माले झोप येत नही म्हनीसन ती बदलस. खरं तर तिलेच वाचावत नही. वाचता वाचता तिले सुनिता दिखस. तिना शेवट ऐकीसन मी खूश व्हयनू की ती रातले गुमान झोपस. म्हनीसन त्या दिन बी ती दारमा व्हती तवय मी लालच म्हनं. पन लाल नही इतलंच माले समजनं. खरं काय शे ते कोनीच सांगत नही. कितला वरीस व्हयनात, एक बी पुस्तकना खरा शेवट मना कानवर वना नही. ते पान तुमनाजोडे व्हई."

प्रेमराजभाऊंनी चष्म्याचं घर काढलं. पानाची घडी उलगडली. मागून एक रिक्षा गेली, ती जाऊ दिली. मग त्यांनी वाचलं, हळू, पुस्तकातल्या भाषेत, जसं छापलं होतं तसं. गाडीचा आवाज वाढतो. फाटकवाला झेंडीची घडी सोडतो. खिडकीत पोरीचा चेहरा. तिनं पाहिलंय, त्यानं पाहिलंय. त्याचा हात वर जातो, हिरवी झेंडी वाऱ्यावर सरळ होते आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो ती खाली घेत नाही.

बन्सीलाल तिरकी मान सरळ करून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"जाऊ दिधी तिले," ते म्हणाले.

"हं. जाऊ दिधी."

"चांगली कादंबरी शे, भाऊ. भलती चांगली."

आपल्या लाडक्या कादंबरीबद्दल कुणीतरी हे म्हणावं म्हणूनच तर प्रेमराजभाऊंनी ती भिशीत काढली होती. पानाची घडी करून त्यांनी ती चष्म्याच्या घरात परत ठेवली.

रसवंतीपाशी पुष्पाबाई एका पायावर भार टाकून उभी होती. "इतला येळ?" तिनं विचारलं आणि नवऱ्याचा चेहरा निरखला. "डोया काबरं ओला?"

"धूळ गयी," बन्सीलाल म्हणाले. "चाल. घर जाईसन नवं पुस्तक वाच."

तिनं एकदा प्रेमराजभाऊंकडे संशयानं पाहिलं. प्रेमराजभाऊंनी बन्सीलालांचं कोपर तिच्या हातात दिलं, आणि ती दोघं रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजातून पलीकडे जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.